दातेबाईंच्या दोन मैत्रिणी

माझ्या मावशीचं आडनाव दाते नव्हतं. तरी तिच्या दोन मैत्रिणी तिला आयुष्यभर दातेबाईच म्हणायच्या, कारण मावशी कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे. त्यात ती प्लास्टर ओतायची, मेणाच्या हिरड्या घडवायची, त्यांत एकेक दात उभा करायची आणि शेवटी गुलाबी प्लास्टिकमध्ये सगळं पक्कं करायची. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं तर त्याच्यावरच भरतं," हा तिचा ठरलेला विनोद होता. लग्न तिने केलं नाही. ती ज्या लॅबमध्ये कामाला होती तिच्याच वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, तिथे ती राहायची.

मैत्रिणींपैकी एक नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणत. दुसरी शाळेत गणित शिकवायची, म्हणून ती मास्तरीण. तिघींची ओळख चर्चच्या गायकवृंदात झाली, विशीतल्या असताना. तिघींनाही वरचा सूर लागत नव्हता, म्हणून त्यांना मागच्या रांगेत उभं केलं होतं. तिथे हसू दाबता दाबता मैत्री झाली. पुढे दर गुरुवारी संध्याकाळी मावशीच्या खोलीत प्रार्थनेला बसायचं असं ठरलं, आणि ते वीसेक वर्षं टिकलं.

मी लहान असताना आई मला कधी कधी मावशीकडे ठेवून जायची, तेव्हा मी आतल्या खोलीतून त्यांना ऐकलेलं आहे. डॉक्टरांच्या दवाखान्यातून काढून टाकलेली, दाताच्या रोग्याला बसवायची एक खुर्ची होती, मागे रेलणारी. मास्तरीण नेहमी तिच्यात बसायची आणि म्हणायची, "देवा, बघ, जबडा उघडूनच बसलेय, काय काढायचं ते काढ." आधी असं हसणं व्हायचं, मग प्रार्थना. पण ती प्रार्थना चर्चमधल्यासारखी नसायची. तिथे कुणी शब्द निवडून बोलत नसे. सासूचा राग, शाळेतला अपमान, मावशीला एकटेपणाची वाटणारी भीती, सगळं मोठ्याने देवापुढे मांडायचं आणि बाकीच्या दोघींनी ते ऐकायचं. जुने पाळक त्यांना कौतुकाने 'आमची तिपाई' म्हणायचे.

एका गुरुवारी सिस्टर तोंडाला रुमाल लावून आली. रुमाल काढला तर समोरचा वरचा दात अर्धा तुटलेला. नवऱ्याने मारलं होतं, आणि पहिल्यांदा नव्हे. त्या संध्याकाळी कुणालाही प्रार्थना सुचली नाही. तिघी एकमेकींना धरून बसल्या. मग मावशीने ओळखीच्या डॉक्टरांकडे तिला नेलं, तिच्या बाकीच्या दातांशी रंग जुळवून तो दात स्वतः घडवला, आणि तो इतका बेमालूम झाला की सिस्टर स्वतःच आरशात बघत राहिली. बाहेर सांगितलं, पायरीवरून पडली. खरं फक्त तिघींना ठाऊक होतं. मला ते मावशीने फार उशिरा सांगितलं.

ही मैत्री तुटली असं मी म्हणणार नाही. तुटायला निदान एक आवाज तरी लागतो. आधी मास्तरणीचा नवरा आजारी पडला. तिघींनी त्याच्यासाठी उपास केले, प्रार्थना केल्या, पण तो गेला. मास्तरीण त्यानंतर काही आठवडे आली, मग तब्येतीचं कारण सांगायला लागली, मग कारण सांगायचंही थांबली. तेवढ्यात सिस्टरने शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. तिथे एक मोठी, नव्या पद्धतीची चर्च-मंडळी होती, माईक, गिटार, पडद्यावर गाण्यांचे शब्द. तिचा नवरा तिथे जायला लागला, दारू सोडली, बघता बघता मंडळीचा वडील, म्हणजे तिथल्या पुढाऱ्यांपैकी एक झाला. सिस्टर सुरुवातीला गुरुवारी दोन बस बदलून यायची. मग एक गुरुवार आड. मग फोन. मग फोनवर जोडलेल्या हातांचं चित्र आणि सकाळी सकाळी कुणीतरी पुढे पाठवलेलं बायबलमधलं वचन.

"सगळ्यांना तेच पाठवते ती," मावशी एकदा म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यासाठी निवडलंय. तर लॅबमधल्या हिशेबनीसालाही तेच आलेलं."

मला नोकरी लागली ती मावशीच्या घराजवळ, म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले. तोवर गुरुवार बंद होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. तरी गुरुवारी कामावरून आली की ती खोली झाडायची, खुर्च्या पुसायची, चहाचे जास्तीचे कप काढायची आणि परत ठेवायची. फोन हातात घेऊन मोठा मजकूर लिहायची, वाचायची, पुसून टाकायची आणि शेवटी फक्त 'कशी आहेस?' एवढंच पाठवायची. उत्तर यायचं, 'प्रभूच्या कृपेने छान. तुझ्यासाठी प्रार्थना करते.'

"झालं," मावशी म्हणायची. "लावलं दार."

त्याच सुमारास तिचे हात गेले. गेले म्हणजे, कवळीचं प्लास्टिक कालवायच्या ज्या द्रवात इतकी वर्षं बोटं बुडवली त्याचाच तिच्या कातडीला त्रास सुरू झाला. बोटांची टोकं लाल झाली, मग चिरली, मग रक्त यायला लागलं. रबरी हातमोजे घातले तरी तो द्रव त्यांतून झिरपायचा. त्वचेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे काम सोडा, नाहीतर हात वापरण्याजोगे राहणार नाहीत. मालक भला होता, त्याने तिला खाली काउंटरवर बसवलं, आलेले ठसे उतरवून घ्यायला आणि तयार माल द्यायला. पण ज्या बाईने शेकडो लोकांना खातं-बोलतं केलं, तिच्या हातांत आता नुसती खोकी. तिने हातपाय गाळले. जेवताना घास हातातून पडायचा. बटणं मी लावून द्यायचे.

"मला सिस्टरकडे जायचंय," एक दिवस ती म्हणाली.

"फोन करून विचारू या ना आधी."

"फोनवर ती प्रार्थना करते. मला ती भेटायला हवीय."

मी तिला घेऊन गेले. नेमका गुरुवार होता. ते मावशीने मुद्दाम निवडलं होतं की नाही, मला माहीत नाही. संध्याकाळची वेळ, तिसरा मजला, दाराबाहेर चपला-बुटांची रास. मावशीने ती रास बघितली आणि तिचा चेहरा उतरला. आतून गाण्याचा आवाज येत होता.

दार सिस्टरनेच उघडलं. क्षणभर ती ओळख न पटल्यासारखी उभी राहिली, मग एकदम मोठ्याने म्हणाली, "अगं, तू! ये ये! बघा कोण आलंय, माझी जुनी मैत्रीण!"

जुनी हा शब्द मावशीला कसा लागला ते मला तिच्या दंडावरून कळलं. मी तो धरला होता.

बैठकीच्या खोलीत दहा-पंधरा माणसं गोल करून बसली होती. आम्हाला जागा करून दिली. सिस्टरचा नवरा मधे बसला होता, पांढरा शर्ट, हसरा चेहरा, आवाजात लोणी. तो त्या दिवशी कुटुंबावर बोलत होता. नवराबायकोने एकमेकांशी कसं वागावं, रागाला घरात थारा कसा देऊ नये. बोलता बोलता तो म्हणाला, "प्रभूची साक्ष देऊन सांगतो, माझ्या या घरात बायकोवर कधी आवाजसुद्धा चढलेला नाही."

"आमेन," सगळे म्हणाले.

सिस्टर खाली सतरंजीकडे बघत होती. मावशीची दातखिळी बसली होती. तिचं आमेन आलं नाही, आणि ते न आलेलं त्याला ऐकू गेलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, हसू तसंच ठेवून म्हणाला, "ताई पुष्कळ वर्षांनी आल्यात. ताई, तुमच्यासाठी काय मागू या देवाकडे?"

मावशीने पट्ट्या बांधलेले हात किंचित वर केले. मीच सांगितलं काय झालंय ते. मग सगळ्यांनी डोळे मिटले आणि त्याने एक लांबलचक, सुरेख प्रार्थना केली. सिस्टरने उठून मावशीच्या खांद्यावर हात ठेवला होता. प्रार्थना संपायच्या आधीच तिने तो काढून घेतला.

निघताना ती आमच्याबरोबर जिन्यापर्यंत आली. मी दोन पायऱ्या खाली जाऊन थांबले, पण ऐकू येत होतं.

"फोन करून यायचं होतंस ना गं."

"उचलला असतास?"

सिस्टरने मागे दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तो बदललाय. खरंच बदललाय, दातेबाई. हात उचलत नाही आता."

"मग खोटं का बोलतो?"

"कारण ती माणसं त्याला तसाच ओळखतात. आणि मलाही तशीच ओळखतात, सुखी बाई म्हणून. मला आवडतं ते. तुला नाही कळायचं."

"मी कधी कुणाला बोलले का?"

"नाही बोललीस. तेच तर ना. बोलली असतीस तर भांडून मोकळी झाले असते." तिने भिंतीला हात टेकला. "तू समोर आलीस की माझी जीभ आपोआप त्या दाताकडे जाते. दुसऱ्या कुणासमोर नाही जात. तुझा फोन वाजला तरी जाते. मी काय करू, सांग? तुझं काही चुकलेलं नाही. पण मला तो दात विसरायचाय, आणि तू असताना तो विसरता येत नाही."

मावशी रडायला लागली. पन्नाशी ओलांडलेली बाई, जिन्यात, परक्या लोकांच्या चपलांशेजारी. "मग मी कुणाकडे जाऊ?" ती म्हणाली. "मला दुसरं कुणी नाहीये. तुमच्याशिवाय मी कुणाशी बोलायला शिकलेच नाही. कधीतरी ये. महिन्यातून एकदा ये. त्याला सांगू नकोस. मी इथल्या बसथांब्यावर येऊन उभी राहीन, तू फक्त खाली उतर." अक्षरशः दातांच्या कण्या केल्या तिने.

सिस्टरचेही डोळे भरले होते. पण आतून कुणीतरी तिला हाक मारली आणि ती म्हणाली, "तुझ्यासाठी प्रार्थना करते हं."

"नको," मावशी म्हणाली. "ते नको म्हणूस. जा म्हण, दार लाव, पण ते नको म्हणूस."

सिस्टर आत गेली. दार तिने अगदी हळू लावलं.

त्यानंतरचे महिने मला आठवायला नको वाटतात. मावशी काउंटरवर जायची, यायची, जेमतेम खायची. चर्चला जाणं तिने सोडलं. रविवारी सकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी काही बोलायला गेले तर म्हणायची, "घर खायला उठतं म्हणतात ना, तसं नाही होत मला. घर काहीच करत नाही. तेच वाईट आहे."

नवे पाळक एकदा येऊन गेले. तरुण माणूस, मनाने चांगला. त्यांनी सुचवलं की ज्येष्ठ महिलांचा एक गट आहे, मंगळवारी भेटतो, तिथे नव्या मैत्रिणी होतील. मावशीने त्यांना चहा दिला, त्यांचे आभार मानले, आणि ते गेल्यावर म्हणाली, "नव्या कवळीसारखं सांगतोय. ठसा द्या, आठवड्यात तयार."

पण खरी भीती वेगळीच होती. ती तिने मला एका दुपारी सांगितली, भांडी घासताना. भांडी मी घासत होते, ती नुसती शेजारी उभी होती.

"मला प्रार्थना येत नाही आता. बसते, आणि काहीच होत नाही. पूर्वी देव खोलीत आल्यासारखा वाटायचा मला. शपथेवर सांगते, वाटायचा. आता वाटतं, त्या दोघीच होत्या. मी त्यांनाच देव समजत होते की काय? मग दोघी गेल्या तेव्हा तोही गेला. की तो कधी नव्हताच?"

मी नळ बंद केला एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "मास्तरीण अजून तिथेच राहते का गं?"

मास्तरीण फार लांब राहत नव्हती, चालत जाण्यासारखं अंतर होतं. इतक्या जवळ असून भेट नव्हती. या वेळी मावशी एकटीच गेली. तिथे काय झालं ते तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, शब्द न् शब्द, जणू विसरायच्या आत कुणाला तरी द्यायचं होतं.

मास्तरणीने दारातच विचारलं, "देवाचा निरोप घेऊन आलीस की नुसतीच आलीस?"

"नुसतीच."

"मग ये."

घर पुस्तकांनी आणि वह्यांनी भरलेलं होतं, भिंतीवरचा क्रूस काढलेला, त्या जागी रंग थोडा उजळ. मावशीने तिकडे पाहिलं आणि मास्तरणीने ते टिपलं.

"हेच," ती म्हणाली. "असं बघतेस ना, म्हणूनच मी येणं सोडलं. तुझ्यासमोर मी हरवलेलं मेंढरू असते. मला मेंढरू व्हायचं नाहीये."

"मी कधी म्हटलं तसं?"

"तू काय म्हटलंस ते आठवतंय तुला? हे गेले त्या दिवशी, कबरस्तानाच्या फाटकाजवळ?"

मावशीला आठवत नव्हतं.

"'प्रभूची इच्छा,' म्हणालीस. मी तीन वर्षं त्या माणसाचं अंग पुसलं, तुम्ही दोघी माझ्याबरोबर रडलात, आणि मातीचा हात धुवायच्या आत तू म्हणालीस, प्रभूची इच्छा. मला वाटलं, या बाईला मी ओळखतच नाही. तुझ्याकडूनच येणार होतं का ते? बाकी सगळं चर्च म्हणत होतंच की."

मावशी म्हणाली, तिला एकदम सिस्टरचा जिना आठवला. आपण 'ते नको म्हणूस' म्हणून रडलो, आणि त्याच जातीचं एक वाक्य आपणही या बाईच्या तोंडावर मारलं होतं, आणि आपल्याला त्याची आठवणसुद्धा नाही. तिने माफी मागितली. मास्तरणीने माफ केलं असं म्हटलं नाही, पण तिचे हात पुढे ओढून घेतले आणि पट्ट्या सोडून बघितल्या. "मलम कोण लावतं?"

"भाची."

"आज मी लावते."

तेवढ्यावर सगळं पूर्ववत झालं असतं तर मी ही गोष्ट आनंदाने सांगितली असती. तसं झालं नाही. मावशी अधूनमधून तिच्याकडे जायला लागली, पण दोघींमधली ती जुनी सहजता आली नाही. मास्तरणीची अट होती, देवाचं नाव काढायचं नाही. मावशी म्हणाली, "तो मला घराबाहेर ठेवता येत नाही. पण गप्प बसवते." ती गप्प बसायची आणि घरी येऊन थकून झोपायची. कधी कधी भांडणं व्हायची, मग पंधरा दिवस अबोला. एकदा मास्तरीण म्हणाली, तू मला परत चर्चमध्ये ओढायला येतेस. मावशी म्हणाली, मला स्वतःलाच तिथे जाता येत नाहीये, तुला कुठून ओढू. त्यावर दोघी हसल्या. मावशीला हसताना मी त्या वर्षात ऐकलं नव्हतं. तेही मी ऐकलं नाही, तिने सांगितलं तेवढंच.

पुढच्या वर्षी मास्तरीण निवृत्त झाली आणि भावाकडे, दुसऱ्या गावी कायमची राहायला गेली. मावशी सामान बांधायला मदतीला गेली होती. हात बरे झाले होते, फक्त बोटांच्या टोकांना स्पर्श नीट कळत नव्हता, म्हणून काचेच्या वस्तू मास्तरीण बांधायची आणि पुस्तकं मावशी. निघायच्या आधी मास्तरीण म्हणाली, "मी फोन करेन असं नाही म्हणत. करणार नाही, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पत्ताही देत नाही. तू येशील, आणि मग आपण पुन्हा भांडू."

"बरं," मावशी म्हणाली.

"तू होतीस म्हणून ती तीन वर्षं निभावली. हे सांगायचं राहिलं होतं."

टेम्पो गेल्यावर मावशी रस्त्यावर उभी राहून रडली, पण घरी आली तेव्हा तिचा चेहरा जिन्यातल्या त्या दिवसासारखा नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "ही निदान समोरासमोर गेली."

सिस्टर तिला नंतर एकदाच दिसली, जुने पाळक वारले तेव्हा. भरलेल्या चर्चमध्ये दोघी वेगवेगळ्या बाकांवर होत्या. सिस्टरने लांबून मान हलवली, मावशीनेही हलवली. सिस्टर ओठ मिटून हसली. मावशी त्या दिवशी शेवटच्या गाण्याला न थांबता निघाली, बाहेर पडताना सिस्टरला आपल्यासमोर यावं लागू नये म्हणून. त्या अंत्यविधीनंतर ती पुन्हा रविवारी जायला लागली. सगळ्यात मागच्या बाकावर बसते, कुणाशी फारसं बोलत नाही, मंगळवारच्या गटात गेलेली नाही. देव परत आला का, असं मी एकदा धीर करून विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी जाते. तो येतो की नाही ते त्याचं त्याने बघावं."

गुरुवारी ती आता खोली झाडत नाही. कामावरून सुटली की सरळ वर न येता बाहेर चालायला निघते, दिवेलागण होईपर्यंत नुसती चालते, आणि परत आली की पाय दुखतात म्हणून कुरकुरत बसते. मागच्या आठवड्यात मी तिचे पाय चेपत होते, तेव्हा न राहवून विचारलं, "अजून आठवण येते त्यांची?"

"येते ना," मावशी म्हणाली. "न यायला काय झालं? जरा टाचेकडे दाब, तिथे ठणकतंय."